घमेल्यात उरलेला माल

माझ्या साडूंना नीट मांडी घालून बसलेलं पाहिलंय, असं शपथेवर सांगणारा माणूस कर्जतपासून खालापूरपर्यंत धुंडाळूनही मिळायचा नाही. जेवताना ते पाटावर टेकत, पण एक गुडघा वर आणि नजर दाराकडे. चहा उभ्यानं, वर्तमानपत्र येरझाऱ्या घालताना आणि दाढी अंगणभर फिरत फिरत, त्यामुळे त्यांच्या गालावरचा साबण आमच्या जास्वंदीलाही लागलेला असे. देवाला नमस्कार ते ओसरीवरूनच, जाता जाता करत. मी त्या काळी दहिवलीच्या भातगिरणीत कारकून होतो आणि दुपारच्या जेवणानंतर घटकाभर आडवं होणं हा माझ्या आयुष्यातला एकुलता एक नेम होता. अशा माणसाच्या घरी असा साडू मुक्कामाला धाडणाऱ्या विधात्याला विनोदाची चांगली जाण असावी.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. धंद्यानं ओव्हरसियर. लढाई नुकतीच संपली होती आणि कर्जतहून खालापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका ओढ्यावर पूल बांधायचं काम निघालं होतं. आधीचा ओव्हरसियर अर्ध्यावर सोडून गेला, त्याच्या जागी हे आले. बिऱ्हाड पुण्याला ठेवून ते एकटेच आले, ट्रंक आमच्या ओसरीवर आपटली आणि माझ्या बायकोला म्हणाले, "मालू, चहा नंतर. आधी मला सांग, तुमच्याकडे रिकामे डबे किती आहेत?" आल्या आल्या पाहुण्यानं तब्येत विचारावी, पोराबाळांची चौकशी करावी, ही आमची कल्पना. मालतीनं बिचारीनं घासलेटचे दोन डबे दाखवले. त्यांनी ते बगलेत मारले आणि चहा न घेताच कामावर निघून गेले.

डब्यांचा उलगडा संध्याकाळी झाला. पुलाच्या कामावर खडी, वाळू आणि सिमेंट पाण्यात कालवून जे तयार होतं, त्याला सगळे 'माल' म्हणतात. माल कालवला की तो थोड्या वेळात धरतो, म्हणजे घट्ट व्हायला लागतो, आणि एकदा धरला की दगड. आता रोजच्या रोज, दिवस मावळताना, माल कालवायच्या लोखंडी पाट्यावर थोडासा उरतोच. चार घमेली, कधी सहा. सगळ्या दुनियेत तो ओढ्यात ओतून देतात आणि घरी जातात. आमच्या साडूंना ते बघवत नसे. सिमेंट तेव्हा परमिटावर मिळायचं, पण मला नाही वाटत परमिट नसतं तर त्यांचा जीव कमी तुटला असता. "अहो, भाकरी उरली तर तुम्ही उकिरड्यावर टाकता का?" असं ते मला विचारत, जणू मीच रोज ओढ्यात माल ओतत होतो. तर काम सुटलं की हा माणूस डबे, खोकी, फुटक्या टोपल्या, जे सापडेल ते घेऊन धावे, आत पळसाची पानं अंथरी, उरलेला माल ओती, आणि सकाळी त्यातून काहीतरी वस्तू निघे.

त्या वस्तू कुठे यायच्या, हे सांगायला नकोच. महिन्याभरात आमचं अंगण ओळखू येईना. कपडे धुवायचा दगड आला तेव्हा मालती खूश झाली. दुसरा आला तेव्हा ती हसली. मग फाटकाचे खांब आले, गाईचं आंबोण ठेवायचं टाकं आलं (आमच्याकडे गाय नव्हती), तुळशीचा कट्टा आला, आणि एके दिवशी पाहुण्यांसाठी बसायचा पाट आला. तो पाट एका जागी ठेवला तो ठेवलाच, आणि थंडीत त्यावर बसलेले आमचे एक चुलते पंगत संपायच्या आत दोनदा उठून उन्हात उभे राहून आले. मांजर दूध पितं अशी तक्रार मालतीनं सहज केली, तर दुसऱ्या दिवशी दुधाच्या पातेल्यावर सिमेंटचं झाकण. मांजराला ते उचललं गेलं नाही हे खरं, पण मालतीलाही उचललं गेलं नाही. मी गिरणीतून येईपर्यंत चहा अडून राहिला. कैरीच्या लोणच्यावर ठेवायला त्यांनी एक सुबक गोल वजनही करून दिलं. पंधरवड्यानं बरणी उघडली तर वजन खडबडीत झालेलं आणि कैरीतला आंबटपणा पार गेलेला. "म्हणजे सिमेंटनं आंब ओढून घेतली!" साडू चक्क आनंदले. "बघा, पोटात जळजळणाऱ्या माणसाला हे लोणचं उत्तम." मालती त्यानंतर त्यांच्याशी दोन दिवस बोलली नाही, पण ते त्यांच्या लक्षात आलं नाही, कारण ऐकायला ते थांबलेच नव्हते.

आणि हे 'माल धरतोय' त्यांच्या जिभेवर इतकं बसलं होतं की कामावरून घरी येतानाही ते मागे ठेवून येत नसत. भात वाढायला उशीर झाला की "मालू, माल धरतोय!" मी आंघोळीला रेंगाळलो की न्हाणीच्या दारावर थाप, "साडूराव, माल धरतोय!" आमच्या शेजारच्या मुलीला नेरळचं स्थळ बघायला आलं होतं. मंडळी पोहे खात होती, पोराचे वडील पत्रिकेबद्दल काहीतरी आढेवेढे घेत होते. तिथे हे कशाला गेले होते कोण जाणे. दाराशी उभ्या उभ्याच म्हणाले, "मुलगी पसंत आहे का? पोरा, तुला विचारतोय. आहे ना? मग आता ढवळत बसू नका, धरलं की काही करता येत नाही." पोरगा घाबरून हो म्हणाला. पोहे संपायच्या आत सुपारी फुटली. संसार उत्तम झाला हो त्यांचा, ते दोघं अजूनही साडूंचं नाव काढतात, पण त्या दिवशी मुलीच्या आईला घेरी आली होती.

हळूहळू ही बातमी आसपास पसरली. दिवस कलला की पुलापाशी माणसं जमू लागली. कुणी खोकं घेऊन, कुणी पत्र्याची पेटी घेऊन. कुणाला दारात पायरी हवी, कुणाला उंबऱ्याबाहेर फरशी, कुणाला विहिरीवर पाय ठेवायला लादी. कुणाचा नंबर पहिला हा वादच नव्हता. माल धरायच्या आत ज्याचा साचा पुढे येईल त्याला. दहिवलीचे एक म्हातारबाबा तर घरची लाकडी काठवट घेऊन आले. साडूंनी सांगितलं, आत पान घाला, तेलाचा हात फिरवा. बाबा म्हणाले, "कशाला तेल नासायचं, माल काय आपलाच हाय." सकाळी काठवटीतून माल निघेना. ठोकलं, उलटं केलं, उन्हात ठेवलं. शेवटी म्हातारीनं भाकऱ्यांसाठी दुसरी काठवट मागून घेतली आणि बाबा त्या जड काठवटीवर बसून आंघोळ करायला लागले. साडूंना याचं फार वाईट वाटलं. येता जाता ते त्या न्हाणीत डोकावून ती काठवट सुटली का हे बघत, आत बाबा असोत वा नसोत.

या सगळ्या गमतीत एक गोष्ट गमतीची नव्हती. पुलावर माल कालवायला आणि घमेली वाहायला डोंगराच्या पायथ्याच्या ठाकरवाडीतल्या बाया येत. त्यांच्यात सोमी म्हणून एक होती, हाडकुळी, कमी बोलणारी. एका संध्याकाळी सगळे साचे भरून झाल्यावर ती साडूंपुढे येऊन उभी राहिली. "सायब, आमच्या झऱ्याला कड करून द्याल का?" तिनं विचारलं. वाडीचा झरा म्हणजे उतारावरचा एक खड्डा. पावसाळ्यात वरची माती, गुरांचं शेण, सगळं त्यात वाहून येई आणि तेच पाणी प्यावं लागे. "दर साली पोरांना हागवन लागते. गेल्या साली माजी धाकली गेली," ती म्हणाली. साडू तिच्यामागून तसेच वाडीवर गेले. परत आले तेव्हा जेवायला पाटावर टेकले सुद्धा नाहीत. म्हणाले, "साडूराव, पावसाच्या आत त्या खड्ड्याला भिंत झाली पाहिजे. खालून वरपर्यंत गोल. आजपासून कुणाला पायरी नाही आणि फरशी नाही."

मग सुरू झाली ती दिंडी म्हणू, वरात म्हणू, की पळापळ म्हणू, कळत नाही. वाडीपर्यंत सिमेंटचे ठोकळे चढवणं कठीण, म्हणून ओला मालच वर न्यायचा आणि झऱ्याकाठी साच्यात ओतायचा, असं ठरलं. पण माल तर धरणार. त्यामुळे काम सुटताच सगळ्या बाया डोक्यावर घमेली घेऊन डोंगराची पायवाट चढायला लागत आणि त्यांच्या पुढे, मागे, बाजूनं आमचे साडू धोतराचा सोगा खोवून पळत, "चला, चला, धरतोय, धरतोय!" बाया हसून बेजार. एकदा त्यांचाच पाय घसरला आणि ते करवंदीच्या जाळीत गेले, तर आतूनही आवाज आला, "माझ्यासाठी थांबू नका!" रोज एक-दोन बाकदार ठोकळे तयार होत. त्यांची रास वाढत होती, आणि पुरुषमंडळी झऱ्याचा खड्डा खोल आणि गोल करत होती. उन्हाळा चढत चालला होता, झऱ्यात पाणी जेमतेम उरलं होतं.

एवढ्यात पुलाचं काम शेवटाला आलं आणि साहजिकच माल कमी उरायला लागला. साडू सैरभैर झाले. मध्येच एक संध्याकाळ काहीच उरलं नाही, तेव्हा ते रिकाम्या पाट्याभोवती असे फिरत राहिले की कंत्राटदाराच्या राखणदारानं त्यांना काही हरवलंय का असं विचारलं. आणि मग एकाएकी माल पुन्हा उरू लागला. आधीपेक्षा जास्त. "नशीब फळलं बरं का," साडू मला हातावर टाळी देऊन म्हणाले. आठवडाभर ते इतके आनंदात होते की माझी दुपारची झोप त्यांनी एकदाही मोडली नाही.

त्यांना ते दिसलं ते अगदी सहज. एका दुपारी पुलाच्या खांबाचा साचा काठोकाठ भरला होता, काम थांबायला हवं होतं, आणि पलीकडे सोमी आणि तिच्या मैत्रिणी नवी गोणी फोडून माल कालवत बसल्या होत्या. साडू पळत गेले. "अगं, हा कशाला?"

"उरायला," सोमी म्हणाली.

तिच्या बोलण्यात लपवाछपवी नव्हती. उरलेल्या मालातून साहेब आपल्या झऱ्याला कड करतात, हल्ली उरत नाही, तर उरेल एवढा करावा, यात चोरी कसली? साहेबांचा चेहरा पडलेला बघवत नव्हता म्हणून बायांनी आपापसांत ठरवलं होतं. जास्तीचा माल कालवायला त्या उन्हात जास्तीच्या राबत होत्या, त्याचं काही मागत नव्हत्या. साडूंनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज चढत होता आणि मध्येच बसत होता. "साडूराव, एक घमेलं वाया जाऊ नये म्हणून मी आयुष्यभर धावलो, आणि माझ्यापायी गोण्यांच्या गोण्या उरवायला लागले लोक! रागवायचं कुणावर?" मी म्हटलं, बोलू नका कुठे, कुणाला कळणार आहे? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पानाचा डबा उगीच उघडून मिटला. ते तडक कंत्राटदाराकडे गेले आणि जे झालं ते माझ्या हाताखाली झालं, बायांना बोल नको, असं सांगून आले. कंत्राटदार ओरडला नाही. पूल उभा राहिला की तुम्ही मोकळे, इतकंच म्हणाला. आणि साडूंनी सोमीला सांगितलं की यापुढे पुलावरचा एक घमेलंभरही माल वाडीवर येणार नाही, कारण कुठला उरलेला आणि कुठला उरवलेला, हे आता त्यांचं त्यांनाच ओळखता येणार नव्हतं.

"मंग आमचा झरा?" सोमीनं विचारलं. ठोकळे रचून भिंत कमरेएवढीही झाली नव्हती, आणि वरची कड नसेल तर खालचं सगळं बांधकाम फुकट होतं.

दोन दिवस साडू नुसते चालत होते. कर्जत स्टेशनपर्यंत, परत, दहिवली, परत. तिसऱ्या दिवशी सकाळी मी घणाच्या आवाजानं जागा झालो. अंगणात साडू आमचा पाहुण्यांचा पाट फोडत होते. मग टाकं, मग खांब, मग ते झाकण. धरलेला माल फोडला की त्याची खडीच होते, हे त्यांच्या चालता चालता ध्यानात आलं होतं. आधीच्या ओव्हरसियरनं ओढ्यात ओतून दिलेल्या मालाचे केवढे तरी गठ्ठे पात्रात पडले होते, तेही बायापुरुषांनी मिळून फोडले. सिमेंट नव्हतं, म्हणून चुना. ज्यांच्या दारात साडूंची पायरी होती, त्यांनी पाटी पाटी चुना आणून दिला, वीटभट्टीवरून फुटक्या विटांचा चुरा आला, आणि दहिवलीच्या देवळामागे गंजत पडलेली चुन्याची घाणी म्हातारबाबांच्या बैलानं पुन्हा फिरवली. मालतीनं तुळशीचा कट्टा तेवढा फोडू दिला नाही. बाकी सगळं गेलं तेव्हा रिकाम्या अंगणात उभी राहून ती म्हणाली, "गेलं एकदाचं," आणि डोळ्याला पदर लावला. मलाही ते अंगण नंतर कितीतरी दिवस ओकंबोकं वाटत राहिलं.

चुन्याची गंमत अशी की तो सिमेंटसारखा घाई करत नाही. कालवून ठेवला तरी चालतो, सावकाश लावला तरी चालतो, आणि धरायला स्वतःला हवे तेवढे दिवस घेतो. म्हणजे आता डोंगर पळत चढायचं काही कारण नव्हतं. साडू तरीही पळतच चढत. फक्त ओरडायचं काय, हे सुचत नसल्यामुळे ते गप्प पळत आणि बाया त्यांच्या मागून गप्पा मारत निवांत येत. भिंत वर आली, कड झाली, आणि वरून येणारं पाणी बाजूला वळवायला एक पन्हळही झाली. पण चुन्याचं बांधकाम वाळू देऊन चालत नाही, त्याला रोज पाणी पाजावं लागतं. ज्या वाडीला प्यायला पाणी पुरत नव्हतं, तिथल्या बायांनी खालच्या नदीवरून हंडे आणून ते भिंतीवर ओतले, आणि एकीनंही कुरकुर केली नाही. साडू रोज अंगठा दाबून बघत आणि रोज अंगठ्याचा ठसा उमटे.

पूल झाला आणि साडू मोकळे झाले. देशावर कुठेतरी बंधाऱ्याचं काम मिळालं होतं, लगेच हजर व्हायचं होतं. चुना अजून ओलाच होता. निघायच्या दिवशी ते वाडीवर गेले, मलाही फरपटत घेऊन गेले. मी धापा टाकत एका दगडावर बसलो आणि ते सोमीला सांगत होते, "दररोज एक हंडा. वाळू द्यायचं नाही. मी थांबा म्हणेपर्यंत घालत राहायचं, कळलं का?" सोमीनं मान हलवली. मग गाडीची वेळ झाली म्हणून ते धावत सुटले.

पावसाळा गेला, मी वाडीवर गेलो. दसऱ्याचे दिवस होते. भिंत घट्ट उभी होती, आत तळ दिसेल असं नितळ पाणी, आणि त्या साली वाडीतलं एकही पोर गेलं नव्हतं. सोमीनं झऱ्यातून हंडा भरून घेतला आणि भिंतीच्या कडेवर गोल फिरवून ओतला. मी म्हटलं, "अगं, आता कशाला? पाऊस पडून गेला की चांगला!" ती म्हणाली, "पावसात बी घातलं. सायबांनी कुटं थांबा सांगितलं?"

दिवाळीनंतर साडू मुंबईचं काही काम उरकून पुण्याच्या गाडीनं जाताना कर्जतला भेटले. घाट चढायला मागून इंजिन जोडतात तेवढा वेळ गाडी थांबते. ते अर्थातच फलाटावर उतरून फेऱ्या मारत होते. मी त्यांना सोमीचा हंडा सांगितला आणि हसत विचारलं, "सांगू का तिला, बस झालं म्हणून?" ते माझ्यापुढे थांबले. हलले नाहीत, इंजिन जोडल्याचा हिसका गाडीला बसला तरी. मग म्हणाले, "नको. ते मीच येऊन सांगेन. बघायचंही आहे मला." आणि चालत्या गाडीत चढले.

माघात बंधाऱ्यावर काम पाहता पाहता ते उभ्याउभ्याच गेले. त्यांच्याहून धिम्या माणसांना देव किती वेळ देतो, आणि त्यांना तेवढाही दिला नाही, याचा मला अजून राग येतो. तेरावं करून परतलो आणि वाडीवर गेलो. हे तिला दुसऱ्या कुणाकडून कळू नये असं वाटत होतं. सोमी झऱ्यापाशीच होती. मी सांगितलं. तिनं भरलेला हंडा भिंतीवर टेकवला.

"मंग आता थांबा कोन म्हननार?" ती म्हणाली.

मी म्हणू शकलो असतो. साडू होतो त्यांचा, आणि भिंतीला आता पाण्याची काही गरज उरली नव्हती. पण माझ्या तोंडून तो शब्द निघेना. सोमीनं माझ्याकडे पाहिलं, मग हंडा उचलला आणि भिंतीच्या कडेवरून सावकाश पाणी ओतत गेली.